बाजाराचा पहारेकरी आणि घराची कडी



मागच्या महिन्यात एका निकाहसाठी पिंपळगाव राजाला जाणे झाले. खामगाव तालुक्यातले हे गाव म्हणजे आमच्या आपाचे सासर, त्यामुळे मुक्काम तिच्याच घरी होता. लग्नघरात एक तक्रार सारखी कानावर येत होती. नवरीच्या अब्बांनी निमंत्रणाचे कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, पण बऱ्याच पाहुण्यांनी ते उघडलेच नाही. ‘लग्नाचे कार्ड आले तर हात लावायचा नाही,’ असे प्रत्येकाला घरच्या मुलाने किंवा नातवाने बजावून ठेवलेले. शेवटी बिचाऱ्यांना एकेकाला फोन करून दावत द्यावी लागली.

ऐकून आम्ही हसलो, पण लोकांची भीती खोटी नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून असेच लग्नाचे आमंत्रण आले. कार्ड समजून त्यांनी फाइल उघडली आणि खात्यातले जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. ते कार्ड नव्हतेच. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या दारातून न येता मागच्या खिडकीतून फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप. एकदा आत शिरले की ते मेसेज वाचते, बँकेचा ओटीपी चोरते आणि खाते रिकामे करते.

आपाच्या घरीही हेच घडले होते. भाच्याने अशीच एक फाइल उघडली आणि दूल्हेभाईंच्या सोयाबीनच्या पट्टीचे पैसे गेले. संतापाच्या भरात दूल्हेभाईंनी घरातले सगळे फोन गोळा करून कपाटात बंद केले. आठवड्याभराने भाच्याचा फोन परत मिळाला, कारण शेताची आणि बाजाराची कामे अडू लागली. भाचीचा मात्र मिळाला नाही. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, खामगावला कॉलेजात जाते. नोट्स, वेळापत्रक, परीक्षेचा फॉर्म, सगळे फोनवरच येते. तिने आम्हाला एवढेच विचारले, “मामू, फाइल भाईने उघडली. मग फोन माझा का गेला?”

या महिन्याचे सदर याच प्रश्नावर आहे. दारावर पहारा असावा, हे कोणीही मान्य करील. पण पहारेकरी कोण असावा, त्याने काय अडवावे, आणि तो चुकला तर त्याला कोण विचारणार?

बाजाराला तपासनीस हवाच

आपल्या फोनवर अ‍ॅप घेण्याचे एक अधिकृत दुकान असते. अँड्रॉइडवर गूगलचे प्ले स्टोअर, आयफोनवर अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर. तिथे काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे त्या कंपन्या ठरवतात. हा पहारा नको असे म्हणणाऱ्याने कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची हकीकत आठवावी. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या अ‍ॅप दुकानांत कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप सापडली. त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती. पाच-दहा हजारांचे कर्ज द्यायचे, फोनमधले फोटो आणि नातेवाइकांचे नंबर काढून घ्यायचे आणि मग बदनामीची धमकी देत दुप्पट-चौपट वसूल करायचे, हा त्यांचा धंदा. व्याज आपल्यासाठी हराम आहेच. पण इथे व्याजाच्या जोडीला इज्जतीची लूटही होती. पुढे गूगलने अशी हजारो अ‍ॅप दुकानातून काढली. काढायलाच हवी होती.

इस्लामी परंपरेत ही गोष्ट नवी नाही. हदीसमध्ये येते की प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला त्यांनी सांगितले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यात जागा नाही, असे बजावले. मापात पाप करणाऱ्यांच्या निषेधाने तर कुरआनातली एक सूरह सुरू होते, सूरह मुतफ्फिफीन. पुढच्या काळात मुस्लिम शहरांमध्ये ‘मुहतसिब’ नावाचा बाजार-अधिकारीच नेमला जाऊ लागला. वजने तपासणे, दुधातले पाणी शोधणे, रस्ता अडवणाऱ्या दुकानदाराला हटवणे, ही त्याची कामे.

पण त्या मुहतसिबालाही मर्यादा होत्या. अकराव्या शतकातले बगदादचे काझी अल-मावर्दी यांनी त्या लिहून ठेवल्या आहेत. जे उघड दिसते तेवढ्यातच त्याने हात घालावा, लपलेले शोधत फिरू नये. आणि ज्या वादात एक पक्ष नाकारतो आहे, पुरावा पाहावा लागणार आहे, तो वाद त्याचा नाही, काझीचा.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची एक हकीकत इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये नोंदवली आहे. रात्री एका घरात गैरप्रकार चालल्याचा संशय आला म्हणून ते भिंतीवरून आत उतरले. घरमालक म्हणाला, मी एक गुन्हा केला असेल, पण आपण तीन केलेत. आपण पाळत ठेवलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि सलाम न करता, परवानगी न घेता घरात शिरलात. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवायला मनाई आहे, हे त्या माणसाला ठाऊक होते. खलीफांनी त्याचे म्हणणे मान्य केले.

हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले की आजच्या पहारेकऱ्याला लावायची फूटपट्टी आपोआप हातात येते.

पहारेकरी स्वतःच व्यापारी झाला तर

१ मार्च २०२४. शाबान चालू होता, रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता. त्या दिवशी गूगलने भारतातल्या दहा कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. त्यात नोकरी शोधण्याची, घर शोधण्याची आणि स्थळे शोधण्याची नावाजलेली अ‍ॅप होती. मुंबईचे शादी डॉट कॉम होते, चेन्नईच्या मॅट्रिमनी डॉट कॉम कंपनीचे भारत मॅट्रिमनी होते आणि त्याच कंपनीचे मुस्लिम मॅट्रिमनीही होते.

या अ‍ॅपमध्ये फसवणूक सापडली होती का? नाही. अश्लीलता? तीही नाही. वाद पैशांचा होता. अ‍ॅपमध्ये ग्राहकाने भरलेल्या रकमेतून गूगल तेव्हा १५ ते ३० टक्के शुल्क घेत होते. पैसे भरण्याची दुसरी सोय दिली तरी ११ ते २६ टक्के मागत होते. कंपन्यांचे म्हणणे, हे फार होते. गूगलचे म्हणणे, दुकान आमचे, सांभाळायला खर्च येतो आणि भारतातले दोन लाखांहून अधिक अ‍ॅप बनवणारे आमचे नियम पाळतात. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना अंतरिम दिलासा दिला नव्हता. त्यानंतर हे घडले.

ज्यांच्या फोनमध्ये ती अ‍ॅप आधीपासून होती, त्यांचे चालू राहिले. पण ज्या घरात त्या आठवड्यात मुलीसाठी रिश्ता शोधायला सुरुवात झाली असेल, त्यांना दुकानात ती सापडलीच नसती. केंद्र सरकारने मध्यस्थी केली, माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन्ही बाजूंना बोलावले आणि काही दिवसांत अ‍ॅप परत आली.

आपल्या बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. खामगावच्या बाजार समितीत माल नेला की अडत, हमाली, तोलाई याचा हिशोब होतो. त्याबद्दल तक्रारी असतात, भांडणे होतात, पण समितीची निवडणूक होते, दर जाहीर असतात आणि एका अडत्याशी पटले नाही तर दुसऱ्याकडे जाता येते. आता कल्पना करा, सगळ्या जिल्ह्यात एकच बाजार आहे, त्याचा मालक एकच, तोच मापारी, तोच अडत्या, तोच फाटकावरचा शिपाई, आणि शेजारी स्वतःचे दुकानही त्याचेच. भारतातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक स्मार्टफोनवर अँड्रॉइड आहे. म्हणजे चित्र साधारण असेच आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने हे ओळखले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गूगलला एकाच आठवड्यात दोनदा दंड केला, आधी १३३७.७६ कोटी आणि मग प्ले स्टोअरच्या शुल्कप्रकरणी ९३६.४४ कोटी. अपिलात दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. पहिल्या प्रकरणात दंड कायम राहिला, पण दुसऱ्यांची अ‍ॅप दुकाने प्ले स्टोअरमध्ये येऊ द्यावीत, हा आयोगाचा आदेश अपिलात टिकला नाही. युरोपात मात्र नवा कायदा आला आणि मार्च २०२४ पासून अ‍ॅपललाही आयफोनवर दुसऱ्या दुकानांना वाट द्यावी लागली.

मदिन्याच्या बाजाराबद्दल रिवायतींत येते की प्रेषित (स.) यांनी मुस्लिमांसाठी स्वतंत्र बाजाराची जागा ठरवून दिली आणि त्यावर कर लावू नका असे सांगितले. जागाही कोणाची कायमची नव्हती, जो आधी येईल त्याची त्या दिवसापुरती. दुकान चालवायला खर्च येतो हे खरे, आणि वाजवी भाडे मागण्यात गैर नाही. पण जो तपासनीस आहे त्यानेच टक्केवारी ठरवावी आणि न देणाऱ्याला ‘नियमभंग’ म्हणून बाहेर काढावे, यात तपासणीचा मान राहत नाही.

एकच दार असले की

एकच दार असण्याचा दुसरा धोका जास्त मोठा आहे. त्या दारवानाला ज्याने दमात घेतले, त्याच्या हातात सगळा बाजार जातो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने ‘कुरआन मजीद’ हे अ‍ॅप चीनमधल्या दुकानातून काढले. जगभरात कोट्यवधी लोक ते वापरत होते, चीनमध्येच दहा लाखांच्या आसपास. अ‍ॅपलकडून बनवणाऱ्यांना कळवण्यात आले की या मजकुरासाठी चिनी अधिकाऱ्यांची जादा कागदपत्रे लागतात. मुसहफ कपाटात ठेवण्यासाठी लागत नाही अशी परवानगी फोनमध्ये ठेवण्यासाठी लागली, आणि दुकान एकच असल्याने आयफोनवाल्या माणसाला दुसरा सोपा मार्ग उरला नाही.

आपल्याकडेही सरकारला माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली संकेतस्थळे आणि अ‍ॅप बंद करता येतात. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅप याच कलमाखाली बंद झाली. देशाच्या सुरक्षेसाठी असा अधिकार लागतो, हे आम्हाला मान्य आहे. आमची हरकत गुप्ततेला आहे. या कलमाखालच्या कारवाईची कागदपत्रे नियमाने गोपनीय राहतात, त्यामुळे सामान्य वापरणाऱ्याला कारण कळत नाही आणि ज्याचे बंद झाले त्याला दाद मागणे अवघड होते.

दाद मागितली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. मुंबई बंद राहिल्याबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, एवढेच कारण. त्यातली एक मुस्लिम घरातली. त्या अटकेनंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतःबद्दलची कोणती बातमी खोटी हे स्वतःच्याच पथकाने ठरवावे, असा नियम केला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोही रद्द केला. मावर्दींच्या भाषेत सांगायचे तर वाद काझीकडे गेला. जायलाच हवा होता.

पहारेकरी झोपला तर

आता दुसरी बाजू. दारावर पहारा आहे म्हणून आपण निश्चिंत राहावे का? नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी उघड केले की हे अ‍ॅप वापरणाऱ्यांची ठिकाणे एका माहिती-दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीचे गिऱ्हाईक अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो संबंध लगेच तोडला. डिसेंबरमध्ये गूगल आणि अ‍ॅपल दोघांनीही त्या दलालाची यंत्रणा आपापल्या दुकानांतल्या अ‍ॅपमधून काढायला लावली. पण तोवर ते अधिकृत दारानेच कोट्यवधी फोनांत पोचलेले होते. पहारेकऱ्याच्या नजरेखालूनच.

आणि काही विष त्या दारातून येतच नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी शंभराच्या आसपास मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी अ‍ॅप तयार झाली. ती प्ले स्टोअरवर नव्हती, प्रोग्रॅम ठेवण्याच्या एका संकेतस्थळावर होती. दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवून जानेवारीतच अटका केल्या. पकडलेल्यांत कॉलेजात शिकणारी मुलेही होती. तो लिलाव बोलण्याचे स्वातंत्र्य नव्हता, तो गुन्हा होता, आणि काढून टाकणे योग्यच होते.

पण त्या दिवसांत आपल्या कितीतरी घरांत काय झाले, ते आठवा. मुलींना सांगण्यात आले, फोटो काढून टाक, खाते बंद कर, लिहू नकोस. चोर मोकळ्या गल्लीत आणि कडी लागली घरातल्या मुलीच्या खोलीला. पिंपळगाव राजातल्या त्या कपाटाला लागलेले कुलूप तेच होते.

चार अटी

कंपनी असो, सरकार असो की घरातले वडीलधारे, पहारेकऱ्याला आम्ही चार अटी घालू.

पहिली, अडवताना कारण सांगावे, आणि ते समजेल अशा भाषेत. आमच्या ओळखीच्या एका भगिनीचे शिवणकामाचे पान एका मोठ्या समाजमाध्यमाने रात्रीतून बंद केले. तीन वर्षांची गिऱ्हाइके गेली. ‘नियमांचे उल्लंघन’ एवढेच शब्द मिळाले. कोणता नियम, हे तिला आजही माहीत नाही.

दुसरी, तपासणाऱ्याचा स्वतःचा धंदा त्यात नसावा. तिसरी, वर दाद मागण्याची जागा असावी. आणि चौथी, दार एकापेक्षा जास्त असावे. ‘इंडस’ नावाचे भारतीय अ‍ॅप दुकान फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, ते मराठीतही वापरता येते. ‘एफ-ड्रॉइड’ नावाच्या दुकानात फक्त मुक्त, कोणालाही आतून तपासता येणारी अ‍ॅप असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की यापुढे दुकानाबाहेरचे अ‍ॅपसुद्धा ओळख नोंदवलेल्या व्यक्तीचेच असले पाहिजे. २०२६ मध्ये चार देशांत आणि मग इतरत्र हे लागू होणार, असे तेव्हा सांगण्यात आले. हिंगोलीसारखी फसवणूक त्याने कमी होईल, हे शक्य आहे. पण छोट्या, फुकट आणि निरपेक्ष काम करणाऱ्यांनाही मग त्याच एका मालकाकडे नाव लिहावे लागेल. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असे गूगलने नोव्हेंबरमध्ये सांगितले. बोलल्याने फरक पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालण्याचा आदेशही लोक बोलल्यावर काही दिवसांत मागे घेतला गेला. ते अ‍ॅप उपयोगी आहे, पण घ्यायचे की नाही हे आपले आपण ठरवावे.

घराची कडी

निकाहच्या दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही दूल्हेभाईंशी बोललो. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही शहरातले. इथे चार पैसे गेले की वर्ष जाते.” त्यांचे खरे होते. पट्टीचे पैसे परत आलेले नाहीत. आम्ही फक्त भाचीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले, या चार अटींपैकी आपल्या कपाटाने किती पाळल्या? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कारण तर मी तिला सांगितलेच नाही.”

संध्याकाळी सगळे एकत्र बसले. मशवरा झाला. जे ठरले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल कोणीही उघडायची नाही, पाठवणारा सख्खा असला तरी. कारण त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. लग्नाचे कार्ड फोटो म्हणून पाठवायचे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अज्ञात अ‍ॅप’ची परवानगी बंद ठेवायची. कोणाला बाहेरून अ‍ॅप घ्यायचेच असेल, तर ते कोणाचे आहे ते आधी पाहायचे आणि काम झाले की परवानगी पुन्हा बंद करायची. नमाजच्या वेळेचे अ‍ॅप मेसेज वाचण्याची किंवा नंबर पाहण्याची परवानगी मागत असेल, तर ती द्यायची नाही. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० वर फोन करायचा, कारण पहिले काही तास मोलाचे असतात. बँकेचे काम ज्या फोनवर चालते तो फोन मुलांच्या हाती द्यायचा नाही. आणि चूक झाली तर ज्याने केली त्याने घरात सांगायची. सांगणाऱ्यावर कोणी ओरडायचे नाही. भाच्याने फाइल उघडल्यावर दोन दिवस भीतीने लपवले होते. ते दोन दिवसच सगळ्यात महाग पडले.

भाचीचा फोन त्या रात्री कपाटातून बाहेर आला. आधी अब्बांनीच तिच्याकडून त्यांच्या स्वतःच्या फोनमधले सेटिंग करून घेतले. तिने तीन नको असलेली अ‍ॅप काढली. त्यातले एक कर्जाचे होते. ते तिथे कसे आले, हे दूल्हेभाईंना सांगता आले नाही आणि तिने पुन्हा विचारलेही नाही.

पहारा हवा, पण तो विश्वासाच्या बाजूने उभा राहणारा हवा. अल्लाहतआला आपल्या घरांना फसवणुकीपासून आणि संशयापासून, दोन्हींपासून सुरक्षित ठेवो. आमीन.